अनेक डेटाबेसमधला डेटा एका रिपोर्टमध्ये: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. उत्तराचा काही भाग दुसरीकडे आला असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवलेली बरी: जोडणी चुकली की बहुतेक वेळा एरर येत नाही. आकडा येतो, आणि तो दिसायला अगदी व्यवस्थित असतो.

१. विक्री एका डेटाबेसमध्ये आहे, वसुली दुसऱ्यात. दोन्ही एका रिपोर्टमध्ये हवं आहे, तर जोडायचं नेमकं कुठे?

तीन जागा आहेत. पहिली, डेटाबेसच्या पातळीवर: एका सर्व्हरवरून दुसऱ्याचे टेबल वाचायचे आणि एकच क्वेरी (डेटा मागण्याची लेखी आज्ञा) लिहायची (प्रश्न ३). दुसरी, रिपोर्टिंग टूलमध्ये: दोन वेगळ्या क्वेऱ्या आणायच्या आणि टूललाच जोडायला लावायच्या (प्रश्न १३, १४). तिसरी, लागेल तेवढा भाग दोन्हीकडून ठरावीक वेळी तिसऱ्या डेटाबेसमध्ये उतरवून घ्यायचा आणि सगळे रिपोर्ट तिथून काढायचे.

एकदाच लागणाऱ्या रिपोर्टला दुसरी जागा पुरते. काही हजार ओळींचा, ताजा आकडा हवा असलेला रिपोर्ट असेल तर पहिली चालते. जोडणीचे तेच नियम तिसऱ्या रिपोर्टसाठी पुन्हा लिहायची वेळ आली, की मात्र तिसऱ्या जागेकडे वळावे. नाहीतर तीन रिपोर्टमध्ये ‘एकूण विक्री’चे तीन आकडे दिसू लागतात आणि बैठकीचा अर्धा वेळ कोणाचा आकडा खरा यावर जातो.

२. दोन्ही डेटाबेस एकाच सर्व्हरवर आहेत. तरीही एवढा खटाटोप लागतो का?

ते सर्व्हरवर कोणते डेटाबेस सॉफ्टवेअर आहे यावर अवलंबून आहे. मायएसक्यूएलमध्ये टेबलच्या नावाआधी डेटाबेसचे नाव आणि टिंब दिले की काम झाले. एसक्यूएल सर्व्हरमध्ये डेटाबेस, स्कीमा (डेटाबेसच्या आतला टेबलांचा गट) आणि टेबल असे तीन भागांचे नाव द्यावे लागते. पोस्टग्रेसमध्ये एकाच सर्व्हरवरचे दोन डेटाबेससुद्धा एकमेकांना थेट दिसत नाहीत; तिथे स्कीमा दिसतात, डेटाबेस नाही. ओरॅकलमध्ये ज्याला बरेच जण बोलताना ‘दुसरा डेटाबेस’ म्हणतात तो अनेकदा दुसरा स्कीमाच असतो. तसे असेल तर फक्त वाचण्याची परवानगी मिळवायची.

३. सर्व्हरच वेगवेगळे आहेत, आणि ते बनवणाऱ्या कंपन्याही वेगळ्या. मग?

प्रत्येकाची आपापली सोय आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये लिंक्ड सर्व्हर, ओरॅकलमध्ये डेटाबेस लिंक, पोस्टग्रेसमध्ये फॉरेन डेटा रॅपर (पोस्टग्रेस ते पोस्टग्रेस जोडणारा रॅपर ९.३ आवृत्तीपासून सोबतच येतो). मायएसक्यूएलमध्ये फेडरेटेड नावाचे स्टोरेज इंजिन आहे, पण ते मुळात बंद असते आणि फक्त मायएसक्यूएललाच जोडते.

तीन-चार प्रकारचे डेटाबेस एकत्र वाचायचे असतील तर ट्रिनोसारखे क्वेरी इंजिन मध्ये बसवतात. त्यात प्रत्येक डेटाबेस हा एक कॅटलॉग होतो आणि एकाच क्वेरीत कितीही कॅटलॉग घेता येतात. ट्रिनो स्वतः डेटा साठवत नाही, त्यामुळे मूळ डेटाबेस संथ असेल तर ट्रिनोही संथच वाटणार.

यातले काहीही वापरले तरी वेगाचे दुखणे एकच असते. ते प्रश्न १२ मध्ये पाहा.

४. जोडायच्या आधी काय काय तपासायचं?

आधी प्रत्येक टेबलाबद्दल एक वाक्य लिहून काढा: ‘यातली एक ओळ म्हणजे काय?’ एक ओळ म्हणजे एक ऑर्डर, की ऑर्डरमधली एक वस्तू, की एक हप्ता? हे वाक्य लिहिता येत नसेल तर जोडू नका.

मग तीन मोजण्या करा. ज्या रकान्यावर जोडायचे आहे त्यावर गट पाडून एकापेक्षा जास्त वेळा येणारी मूल्ये किती, ते पाहा. तो रकाना रिकामा असलेल्या ओळी मोजा. आणि डावीकडची किती मूल्ये उजवीकडे सापडत नाहीत व उजवीकडची किती डावीकडे सापडत नाहीत, हे दोन्ही बाजूंनी मोजा. तिन्ही मिळून दहा मिनिटांचे काम आहे, आणि खालच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे त्यातच मिळतात.

५. जोडल्यावर एकूण विक्री दुप्पट-तिप्पट दिसते. मूळ डेटाबेसमध्ये आकडा बरोबर आहे. असं का?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न. एका ऑर्डरवर उदाहरण घेऊ. ऑर्डर क्रमांक १०१, रक्कम १,०००. विक्रीच्या डेटाबेसमध्ये तिच्या तीन वस्तू: ५००, ३०० आणि २००. वसुलीच्या डेटाबेसमध्ये तिचे दोन हप्ते: ६०० आणि ४००. ऑर्डर क्रमांकावर तिन्ही टेबले जोडली, की प्रत्येक वस्तू प्रत्येक हप्त्याशी जुळते आणि ३ × २ = ६ ओळी तयार होतात.

| काय | खरा आकडा | जोडल्यावर आलेली बेरीज |
|---|---|---|
| ऑर्डरची रक्कम | १,००० | ६,००० |
| वस्तूंची बेरीज | १,००० | २,००० |
| हप्त्यांची बेरीज | १,००० | ३,००० |

तीन रकाने, तीन वेगवेगळ्या पटी. प्रत्येक ऑर्डरला वस्तू आणि हप्ते वेगवेगळे असतात, त्यामुळे सगळ्या रिपोर्टचा आकडा नेमका कितीपट फुगला हे बेरजेकडे पाहून कळत नाही. ‘शेवटी दोनाने भागू’ हा उपाय म्हणूनच चालत नाही.

खरा उपाय: आधी बेरीज, मग जोड. वस्तूंची ऑर्डरनिहाय बेरीज करून प्रत्येक ऑर्डरची एकच ओळ करा. हप्त्यांचेही तसेच करा. आता एका ऑर्डरला एकच ओळ भिडते आणि काही फुगत नाही. रिपोर्ट विभागनिहाय किंवा महिनानिहाय हवा असेल तर दोन्ही बाजूंची बेरीज थेट त्या पातळीला आणून जोडावी. जोडणीही हलकी होते.

वस्तूनिहाय तपशील आणि हप्ते एकाच तक्त्यात हवेत असा हट्ट असेल, तर आधी हप्ता वस्तूंमध्ये कसा वाटायचा याचा नियम ठरवावा लागतो (रकमेच्या प्रमाणात, सहसा). तो नियम हिशेब खात्याने द्यायचा असतो, क्वेरी लिहिणाऱ्याने नाही.

६. डिस्टिंक्ट (सारखी मूल्ये एकदाच घेणारा शब्द) लावलं की आकडा बरोबर येतो. तेवढं पुरे ना?

नाही. तो योगायोग आहे. १,००० च्या दोन वेगळ्या ऑर्डर असतील तर रकमेवर डिस्टिंक्ट लावून केलेली बेरीज १,००० येते, २,००० नाही. क्वेरीत डिस्टिंक्ट लावावासा वाटला की समजावे, कुठेतरी प्रश्न ५ चा प्रकार झाला आहे.

७. युनियन केव्हा आणि जॉइन केव्हा?

एकाच प्रकारच्या नोंदी दोन डेटाबेसमध्ये विभागल्या असतील (जुनी प्रणाली आणि नवी प्रणाली, किंवा दोन शाखा), तर ओळी एकाखाली एक रचायच्या: युनियन. एकाच गोष्टीची वेगवेगळी माहिती दोन ठिकाणी असेल तर रकाने शेजारी आणायचे: जॉइन.

युनियन करताना जवळजवळ नेहमी युनियन ऑल लिहावे. नुसते युनियन सारख्या दिसणाऱ्या ओळी काढून टाकते. एकाच दिवशी, एकाच वस्तूच्या, एकाच रकमेच्या दोन खऱ्या विक्री झाल्या असतील तर त्यातली एक गायब होते. शिवाय ‘स्रोत’ नावाचा रकाना स्वतः घाला, म्हणजे कोणती ओळ कुठून आली ते पुढे शोधत बसावे लागत नाही. आणि रकान्यांचा क्रम तपासा. युनियन नावे पाहत नाही, जागा पाहते.

८. लेफ्ट जॉइन (डावीकडच्या सगळ्या ओळी ठेवणारी जोडणी) लावला आहे, तरी डावीकडच्या ओळी गळतात. हे कसं शक्य आहे?

उजव्या टेबलावरची अट ‘व्हेअर’मध्ये (ओळी गाळणाऱ्या भागात) लिहिली गेली असणार. न जुळलेल्या ओळींत उजवे रकाने नल (मूल्यच नाही असे) असतात; ‘हप्त्याची स्थिती = जमा’ ही अट नलला लागू होत नाही आणि ओळ बाहेर पडते. परिणामी लेफ्ट जॉइनचा इनर जॉइन (फक्त जुळलेल्या ओळी ठेवणारा) होतो. ती अट उचलून जॉइनच्या ‘ऑन’मध्ये (जुळणीच्या अटीत) टाका.

दोन्ही बाजूंच्या न जुळलेल्या ओळी हव्या असतील तर फुल आउटर जॉइन. मायएसक्यूएलमध्ये तो नाही. तिथे लेफ्ट जॉइनचा निकाल घ्यायचा आणि राइट जॉइनमधून फक्त डावीकडे न सापडलेल्या ओळी युनियन ऑलने खाली जोडायच्या.

याचाच भाऊबंद: ‘नॉट इन’मध्ये दिलेल्या यादीत एक जरी नल असला, तर एकही ओळ परत येत नाही. त्याऐवजी ‘नॉट एक्झिस्ट्स’ वापरावे. ओरॅकलमध्ये रिकामी स्ट्रिंगसुद्धा नलच मानली जाते, त्यामुळे तिथून आलेला ‘रिकामा कोड’ आणि इतरत्र असलेला ‘रिकामा कोड’ एकमेकांना जुळणार नाहीत.

९. कोड दोन्हीकडे सारखाच दिसतो, पण जुळत नाही. डोळ्यांना तर काहीच फरक दिसत नाही!

डोळ्यांवर विसंबू नका. मूल्याची लांबी मोजा, आणि तरी कळले नाही तर बाइट्स पाहा. नेहमीचे गुन्हेगार हे:

आघाडीची शून्ये. एकीकडे कोड मजकूर म्हणून ठेवलेला, ‘००४५२’. दुसरीकडे संख्या, ४५२. संख्येचा मजकूर करून डावीकडे शून्ये भरून लांबी सारखी करा. उलट करू नका, कारण ‘००४५२’ आणि ‘४५२’ हे दोन वेगळे कोड असू शकतात.

शेवटची मोकळी जागा. एसक्यूएल सर्व्हर तुलना करताना ती सोडून देतो. पोस्टग्रेसचा टेक्स्ट प्रकार ती मोजतो. मायएसक्यूएलमध्ये ते कोलेशनवर (मजकुराची तुलना कशी करायची याच्या नियमांवर) ठरते: ८.० आवृत्तीचे मूळ कोलेशन मोकळी जागा मोजते, त्याआधीची सहसा मोजत नसत. म्हणून सर्व्हरची आवृत्ती बदलली आणि जुळणी एकाएकी कमी झाली, असे घडू शकते.

रोमन अक्षरांचे मोठे-लहान रूप. एसक्यूएल सर्व्हर आणि मायएसक्यूएल नेहमीच्या मांडणीत भेद करत नाहीत, पोस्टग्रेस आणि ओरॅकल करतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये दोन डेटाबेसची कोलेशन वेगळी असली तर निदान स्पष्ट एरर येते. अशा वेळी तुलनेच्या जागी कोलेशन नाव घालून सांगावे.

देवनागरी मजकूर हा वेगळाच अध्याय आहे. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो: ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त देऊन त्यापुढे न दिसणारे झिरो विड्थ जॉइनर घालून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. युनिकोड नॉर्मलायझेशन केले तरी हे दोन एक होत नाहीत, कारण युनिकोडच्या लेखी ती दोन वेगळीच लेखने आहेत. नावांवर जोडायची वेळ आलीच तर दोन्हींचे एकच रूप करणारी बदली आधी चालवावी लागते. त्याहून बरे म्हणजे नावांवर जोडूच नये (प्रश्न १०).

साफसफाई क्वेरीच्या जॉइनमध्ये फंक्शन लावून करण्यापेक्षा डेटा उतरवताना करून स्वच्छ कोडाचा वेगळा रकाना ठेवा. कारण प्रश्न १२ मध्ये आहे.

१०. दोन डेटाबेसमध्ये समान कीच (नोंद ओळखणारा क्रमांक) नाही. किंवा आहे, पण १०१ म्हणजे इथे एक ग्राहक आणि तिथे भलताच.

दोन्हींवर औषध एकच: मॅपिंग टेबल. त्यात तीन मुख्य रकाने असतात: स्रोत, त्या स्रोतातला क्रमांक आणि आपला सामायिक क्रमांक. पहिले दोन मिळून अद्वितीय असले पाहिजेत, आणि तशी अट डेटाबेसमध्येच घालावी. माणसांच्या शिस्तीवर सोडू नये. एका स्रोतातले दोन क्रमांक एकाच सामायिक क्रमांकाला जाऊ शकतात (ग्राहकाची नोंद दोनदा झाली असेल). एक क्रमांक दोन सामायिक क्रमांकांना गेला तर मात्र प्रश्न ५ पुन्हा दारात उभा.

मॅपिंग पहिल्यांदा भरताना नाव-पत्त्यावर अंदाजे जुळणी करायला हरकत नाही. पॉवर क्वेरीच्या (एक्सेल आणि पॉवर बीआयमधल्या डेटा जोडण्याच्या साधनाच्या) फझी मर्जमध्ये (अंदाजे जुळणीत) साम्याची मर्यादा मुळात ०.८० असते. तिथून आलेल्या जोड्या माणसाने पाहून मग टेबलात घालाव्यात. रोज चालणाऱ्या रिपोर्टमध्येच फझी जुळणी ठेवली, तर नवा ग्राहक आला की जुन्याची जोडी बदलू शकते आणि मागचे आकडे हलतात.

११. महिन्याची विक्री दोन डेटाबेसमध्ये किंचित वेगळी येते. दर महिन्याला फरक वेगळा, कधी जास्त, कधी कमी.

फरकाचे चिन्ह बदलत असेल तर आधी घड्याळ तपासा. समजा एक डेटाबेस स्थानिक वेळ ठेवतो, दुसरा यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), आणि स्थानिक वेळ ५ तास ३० मिनिटे पुढे आहे. १ तारखेला पहाटे २ वाजता झालेली विक्री यूटीसीमध्ये आदल्या दिवशी रात्री ८:३० ला पडते, म्हणजे आदल्या महिन्यात. यूटीसीचा महिना खरे तर १ तारखेच्या पहाटे ५:३० पासून पुढच्या १ तारखेच्या पहाटे ५:३० पर्यंतचा असतो. सुरुवातीचे साडेपाच तास जातात, शेवटी साडेपाच तास येतात. दोन्हींत विक्री जवळपास सारखी असेल तर फरक जेमतेम दिसतो, आणि म्हणूनच वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही.

दुरुस्ती करताना रकाना बदलू नका, सीमा बदला. स्थानिक १ एप्रिल ००:०० म्हणजे यूटीसी ३१ मार्च १८:३०. ही सीमा अटीत द्या, म्हणजे रकान्यावरचा इंडेक्स (लवकर शोधण्याची सूची) वापरला जातो. उन्हाळी वेळ पाळणाऱ्या प्रदेशांचा डेटा असेल तर तासांचा ठरावीक फरक न लिहिता टाइम झोनचे नाव द्यावे.

चिन्ह नेहमी एकच असेल, म्हणजे एकीकडे कायम कमी, तर ‘बिट्वीन’ (अमुक ते तमुक अशी अट) पाहा. १ ते ३० अशी तारीख दिली आणि रकान्यात वेळही असली, तर ३० तारखेचे फक्त मध्यरात्रीचे क्षण येतात, दिवस येत नाही. शेवटी २३:५९:५९.९९९ लिहिणे हा उपाय नव्हे: एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या डेटटाइम प्रकारात ते मूल्य गोल होऊन दुसऱ्या दिवसाचे ००:०० होते. ‘१ तारखेपासून, पुढच्या महिन्याच्या १ तारखेच्या आत’ अशी अट लिहा. ती सगळीकडे चालते.

१२. दोन्ही क्वेऱ्या वेगवेगळ्या चालवल्या तर सेकंदात येतात. जोडली की अर्धा तास. काय करू?

जोडणी ज्या सर्व्हरवर होते तिथे पलीकडचे अख्खे टेबल ओढले जात असणार. क्वेरीची योजना (सर्व्हर ती कशी चालवणार याचा आराखडा) काढा आणि पलीकडे प्रत्यक्षात कोणता मजकूर पाठवला जातो ते पाहा. तारखेची अट त्यात नसेल, तर गाळणी इकडे, ओळी आल्यानंतर होते आहे.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये चार भागांच्या नावाऐवजी (सर्व्हर, डेटाबेस, स्कीमा, टेबल) ओपनक्वेरी वापरली की आतला मजकूर जसाच्या तसा पलीकडे चालतो. लिंक्ड सर्व्हरचा ‘कोलेशन कम्पॅटिबल’ पर्याय बंद असेल तर मजकुराच्या रकान्यांवरची तुलना पलीकडे पाठवलीच जात नाही. दोन्हीकडची कोलेशन खरोखर सारखी असतील तरच तो चालू करा. दूरच्या क्वेरीला मुळात ६०० सेकंदांची मुदत असते, म्हणून रिपोर्ट बरोबर दहा मिनिटांनी पडत असेल तर कारण हेच. पोस्टग्रेसचा रॅपर एका फेरीत १०० ओळी आणतो. फेच साइज काही हजारांवर नेला की मोठ्या निकालांत फरक जाणवतो. एकाच दूरच्या सर्व्हरवरची दोन टेबले तो ९.६ पासून तिकडेच जोडू शकतो. दोन वेगळ्या सर्व्हरवरची असतील तर जोडणी इकडेच होणार. ओरॅकलमध्ये ड्रायव्हिंग साइट हिंट देऊन जोडणी कोणत्या बाजूला करायची ते सांगता येते.

यातले काही जमले नाही तर साधा, सगळीकडे चालणारा मार्ग: लहान बाजूचा निकाल तात्पुरत्या टेबलात घ्या, मोठ्या बाजूची बेरीज पलीकडेच करून आणा, मग जोडा. दहा लाख ओळींऐवजी तारेवरून तीनशे ओळी येतात.

जॉइनच्या रकान्यावर ट्रिम, कास्ट असे फंक्शन लावले की त्या रकान्यावरचा साधा इंडेक्स निकामी होतो, हेही विसरू नका.

१३. पॉवर बीआय या रिपोर्टिंग टूलमध्ये मर्ज (दोन टेबलांचं एक टेबल) करावं की रिलेशनशिप (टेबलं वेगळी ठेवून नातं जोडणं)? आणि तो फायरवॉलचा एरर का येतो?

आकड्यांची टेबले मर्ज करू नका. ग्राहक, तारीख, विभाग अशी सामायिक टेबले मध्ये ठेवा आणि विक्री व वसुली दोन्ही त्यांना रिलेशनशिपने जोडा. मग प्रत्येक मेजर (बेरजेचे सूत्र) आपापल्या टेबलात बेरीज करतो, आणि प्रश्न ५ उद्भवतच नाही. मर्ज राखून ठेवा ते मॅपिंगसारखे लहान टेबल चिकटवण्यासाठी.

एक फसवी गोष्ट: पॉवर क्वेरीतला मर्ज रोमन अक्षरांच्या मोठ्या-लहान रूपांत भेद करतो, मॉडेल (रिलेशनशिप जिथे असतात ते) करत नाही. मर्जमध्ये न जुळलेली जोडी रिलेशनशिपमध्ये जुळते, किंवा पॉवर क्वेरीत अद्वितीय दिसणारी की मॉडेलमध्ये ‘दुहेरी’ म्हणून नाकारली जाते.

फॉर्म्युला फायरवॉलचा एरर येतो कारण जोडणी करताना एका स्रोतातली मूल्ये दुसऱ्या स्रोताला पाठवलेल्या क्वेरीतून बाहेर जाऊ शकतात. प्रत्येक स्रोतासाठी फक्त डेटा आणणारी वेगळी क्वेरी करा आणि जोडणी तिसऱ्या क्वेरीत लिहा. दोन्ही स्रोतांची प्रायव्हसी पातळीही नीट ठरवा. ‘प्रायव्हसी दुर्लक्षा’ हा पर्याय आपल्या मशीनवर चालतो आणि सर्व्हरवर रिफ्रेशच्या वेळी पुन्हा तोच एरर समोर येतो.

डायरेक्टक्वेरीत (डेटा उतरवून न घेता दर वेळी स्रोतालाच विचारण्याच्या रीतीत) स्रोताकडून येणाऱ्या मधल्या निकालाला १० लाख ओळींची मर्यादा आहे. वेगळ्या डेटाबेसमधली टेबले त्या मार्गाने जोडताना ती अनपेक्षितपणे लवकर गाठली जाते.

१४. टॅब्लो या रिपोर्टिंग टूलमध्ये ब्लेंड (दोन स्रोतांची जोडणी) केल्यावर काही चौकटींत तारका दिसते.

ब्लेंडमध्ये दुय्यम स्रोताची आधी बेरीज होते आणि मग ती मुख्य स्रोताला लेफ्ट जॉइनसारखी चिकटते. मुख्य स्रोताच्या एका खुणेला दुय्यममधली दोन-तीन मूल्ये लागू पडत असतील तर कोणते दाखवायचे हे ठरत नाही, म्हणून तारका. मुख्य आणि दुय्यम यांची अदलाबदल करून पाहा, किंवा २०२०.२ पासून आलेली रिलेशनशिप वापरा. ब्लेंडमध्ये मुख्य स्रोतात नसलेल्या ओळी दिसतच नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

१५. एवढं सगळं कशाला, एक्सेलमध्ये व्हीलुकअप लावला तर?

लहान कामाला चालेल. अडचणी चार. एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळींवर मावत नाही. संख्येचे १५ अंकच टिकतात, त्यामुळे १६ अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो. सीएसव्ही थेट उघडली की आघाडीची शून्ये उडतात. आणि व्हीलुकअपमधला शेवटचा भाग (जुळणी अचूक की अंदाजे हे सांगणारा) सोडला तर तो अंदाजे जुळणी करतो. अचूक जुळणी मागितली तरी पहिली सापडलेली ओळच देतो, बाकीच्या आहेत हे सांगतही नाही.

१६. रकमांमध्ये पैशा-दोन पैशांचा फरक. कुठून येतो?

दोन कारणे. एक, रक्कम फ्लोट प्रकारात ठेवलेली असणे, ०.१ सारखी संख्या त्यात अचूक मावत नाही. आणताना डेसिमलमध्ये बदला. दोन, गोल करण्याची जागा आणि रीत. तीन ओळी, प्रत्येकी १०.१२५. प्रत्येक ओळ नेहमीच्या रीतीने गोल केली तर बेरीज ३०.३९. पॉवर क्वेरी मुळात अर्धे जवळच्या सम अंकाकडे नेते, तिथे ३०.३६. बेरीज करून शेवटी गोल केली तर ३०.३८. तिन्ही आकडे आपापल्या नियमाने बरोबर आहेत. बिल ज्या प्रणालीत छापले जाते तिची रीत रिपोर्टने पाळावी.

१७. ग्राहक मार्चमध्ये एका विभागात होता, एप्रिलमध्ये दुसऱ्या. मार्चची विक्री आता नव्या विभागात दिसते.

ग्राहकाच्या टेबलात फक्त आजची स्थिती असेल तर असेच होणार. विभागाचा इतिहास ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन तारखांसह ठेवा. विक्री जोडताना ग्राहक क्रमांकासोबत ‘पासून ≤ विक्रीची तारीख < पर्यंत’ ही अट द्या. चालू नोंदीत ‘पर्यंत’ नल न ठेवता ९९९९ सालची तारीख ठेवली की अट सोपी राहते. दोन काळ एकमेकांवर चढले तर विक्री दोनदा मोजली जाते, मध्ये फट राहिली तर गळते. दोन्हींची तपासणी रोजच्या कामात घाला.

१८. दोन शाखांची सरासरी काढून तिची सरासरी घेतली. चालेल?

नाही. एका शाखेत १० ऑर्डर, सरासरी ५००. दुसरीत ९० ऑर्डर, सरासरी १००. सरासरींची सरासरी ३००, खरी सरासरी १४०. दोन्हीकडून बेरीज आणि संख्या आणा, भागाकार शेवटी करा. टक्केवारीचेही तसेच. वेगळ्या ग्राहकांची संख्या तर बेरजेतही बसत नाही: ४०० आणि ३०० ग्राहकांपैकी १२० सामायिक असतील तर एकूण ५८० होतात, आणि ते १२० कळायला क्रमांकांची यादीच लागते (प्रश्न १०).

१९. फक्त बदललेल्या ओळी उतरवतो, तरी काही नोंदी कधीच येत नाहीत.

‘शेवटचा बदल’ रकान्यावर उतरवत असाल तर हे होतेच. व्यवहार १०:०० चा शिक्का घेऊन सुरू झाला आणि १०:०३ ला पक्का झाला. तुमची फेरी १०:०२ ला धावली, तिला ती ओळ दिसली नाही, आणि पुढची फेरी १०:०२ नंतरच्याच ओळी मागते. म्हणून प्रत्येक फेरी मागच्या वेळेच्या थोडी आधीपासून सुरू करा (सर्वांत लांब व्यवहाराहून जास्त, अर्धा तास सहसा पुरतो) आणि कीवर अपडेट-किंवा-इन्सर्ट करा, म्हणजे पुन्हा आलेली ओळ दुहेरी होत नाही.

पुसलेल्या ओळी या मार्गाने कधीच कळत नाहीत. त्यांच्यासाठी डेटाबेसच्या लॉगमधून बदल वाचणारी सोय, नाहीतर रोज एकदा दोन्हीकडच्या कींची यादी ताडून पाहणे.

रिपोर्टच्या माथ्यावर प्रत्येक स्रोताची ‘इथपर्यंतचा डेटा’ वेळ वेगवेगळी छापा, आणि आकडे त्यातल्या सर्वांत जुन्या वेळेला कापा. नाहीतर वसुली विक्रीपेक्षा जास्त दिसते.

२०. चालू डेटाबेसवर थेट रिपोर्ट चालवला तर काय बिघडतं?

कामाच्या वेळी लांब क्वेरी नोंदी करणाऱ्यांना अडवू शकते. वाचण्यापुरती प्रत असेल तर तिच्यावर चालवा, फक्त ती मूळ डेटाबेसच्या किती मागे आहे ते पाहा. लॉगिन केवळ वाचनाचे, आणि लागणाऱ्या व्ह्यूंपुरतेच (टेबलासारख्या वाचता येणाऱ्या साठवलेल्या क्वेऱ्यांपुरतेच) असावे. मूळ डेटाबेसमध्ये ओळनिहाय परवानग्या असतील तर डेटा उतरवल्यावर त्या सोबत येत नाहीत. त्या नव्या ठिकाणी पुन्हा बांधाव्या लागतात, आणि हे लक्षात येईपर्यंत एका विभागाने दुसऱ्याचे पगार पाहिलेले असतात.

२१. रिपोर्ट बरोबर आहे हे दाखवायचं कसं?

प्रत्येक स्रोतावर एक ताळा-क्वेरी ठेवा: ओळींची संख्या, रकमेची बेरीज, सर्वांत जुनी आणि नवी तारीख. तीच क्वेरी उतरवलेल्या डेटावर आणि जोडणीनंतर चालवा, आणि तिन्ही टप्प्यांचे आकडे एका टेबलात साठवा. फरक आला की तो कोणत्या टप्प्यात शिरला हे लगेच दिसते. जोडणीनंतर ओळी वाढल्या तर प्रश्न ५, घटल्या तर ८ आणि ९.

न जुळलेल्या रकमा गाळू नका. रिपोर्टमध्ये ‘न जुळलेले’ अशी स्वतंत्र ओळ ठेवा, म्हणजे एकूण बेरीज मूळ डेटाबेसशी तंतोतंत जुळते. ती ओळ बघून कोणीतरी तक्रार करते, आणि मॅपिंग दुरुस्त होते.

२२. एकूण बेरीज जुळते, पण विभागनिहाय आकडे जुळत नाहीत. आता कुठे शोधू?

एकूण जुळते म्हणजे ओळी हरवलेल्या किंवा वाढलेल्या नाहीत. त्या चुकीच्या कप्प्यात पडल्या आहेत. दोन विभागांचे फरक एकमेकांना छेदतात का पाहा: एकात ४,२०० जास्त आणि दुसऱ्यात ४,२०० कमी असेल तर त्या रकमेचा एखादा ग्राहक शोधा. ग्राहकावर अडले तर मॅपिंग (प्रश्न १०) किंवा विभागाचा इतिहास (प्रश्न १७). फरक विभागांत नसून लागोपाठच्या दोन महिन्यांत छेदत असेल तर घड्याळ (प्रश्न ११).

क्वचित एक तिसरी शक्यता असते: ओळ हरवली आणि तेवढ्याच रकमेची दुसरी दुहेरी झाली. ओळींची संख्या आणि बेरीज दोन्ही जुळतात. तो प्रकार फक्त कींची यादी दोन्हीकडून काढून, एकेक ताडूनच सापडतो.